फुटका भाता

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी सव्वीस वर्षांची, दादा तेहतीसचा आणि पंतोजी अकराचा. पंतोजी म्हणजे आमचा घोडा. हे आकडे मुद्दाम आधी लिहून टाकते, कारण गेल्या महिन्यात आमच्या घोडेस्वारी शाळेचा पंचाहत्तर वर्षांचा समारंभ झाला आणि दादाने माईकसमोर उभं राहून साल चुकवलं, घोड्याचं वय चुकवलं. बाकीचं मात्र त्याने चुकवलं नाही, चक्क बदललं.

"ट्रकवाल्याच्या हलगर्जीपणामुळे आमचा एक गुणी घोडा मरायला टेकला होता," तो म्हणाला, "पण मी त्याला ओढून परत आणला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी वहिनी होती, तिनेही वाजवल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात गुपचूप मांडीवर ठेवले.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला भर सभेत खोटं पाडू नये म्हणतात. मी गप्प बसले, आणि घरी येऊन दोन दिवस मला घास गेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमची शाळा बाबांनी काढलेली. ड्रेसाज शिकवायची, म्हणजे घोड्याला उड्या मारायला किंवा शर्यतीत पळायला नव्हे, तर स्वाराच्या अगदी बारीक इशाऱ्यावर, लयीत, डौलात चालायला. बघणाऱ्याला वाटतं घोडा आपल्याच मनाने नाचतो आहे. त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पियाफ. घोड्याने दुडक्या चालीत पाय उचलायचे, पण पुढे सरकायचं नाही, जागच्या जागी ताल धरायचा. सगळा भार मागच्या पायांवर येतो. छाती, पाठ, श्वास, सगळ्याचा कस लागतो. पंतोजीला ते शिकवायला मला सहा वर्षं लागली.

त्याचं नाव बाबांनी ठेवलं होतं. तो चुकीचा इशारा खपवूनच घ्यायचा नाही. टाच जरा मागे लागली किंवा लगाम एका हाताने जास्त ओढला गेला की जागीच उभा राहायचा आणि कान मागे करून वाट बघायचा, जणू म्हणतोय, पुन्हा लिही. पण इशारा बरोबर असला की अंगात ताप असला तरी काम करणार. हा त्याचा गुण, आणि याच गुणाने त्याचा घात केला.

त्या वर्षीच्या वसंतात दूरच्या एका स्पर्धेला जायचं होतं. ट्रकने अठरा तासांचा प्रवास. दादाला हौस अशी की उतरल्या उतरल्या घोडा देखणा दिसला पाहिजे, म्हणून आयाळीच्या वेण्या आदल्या दिवशीच घालून टाकल्या. वेण्या घातल्या की घोड्याला मान घासावीशी वाटते आणि त्या सुटतात.

"दोरी आखूड बांध," दादा म्हणाला. "मान वरच राहू दे."

"अठरा तास?"

"अगं, तो काय झोपायला चाललाय? बांध म्हटलं ना."

मी बांधली. ती गाठ माझ्या हातची होती, हे मी कधी लपवलं नाही आणि आजही लपवत नाही. घोड्याला खोकायला, नाक शिंकरायला मान खाली न्यावी लागते. नेता आली नाही तर धूळ, कोंडा, शेंबूड सगळं छातीत उतरतं. बाबांच्या शाळेत पहिल्या वर्षाच्या पोरांना हे शिकवायचे. आम्ही दोघं तिथेच वाढलो होतो आणि चार वेण्यांसाठी ते विसरलो.

पंतोजी उतरला तेव्हा वेण्या फार सुरेख होत्या. तिसऱ्या दिवशी त्याला ताप चढला, पाचव्या दिवशी तो पुढचे पाय फाकवून उभा राहिला आणि हलेना. आमच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बरगड्यांमधून नळी घालून बादलीभर पाणी काढलं. कोमट, पिवळसर, घाण वासाचं. बादली माझ्या हातात होती. दादा बाहेर उभा राहून ट्रकवाल्याला शिव्या देत होता. ट्रकवाल्याची गोष्ट तिथेच जन्मली आणि पन्नास वर्षांत चांगलं बाळसं धरून बसली.

घोडा वाचला तो डॉक्टरीणबाईंमुळे. उंचपुरी बाई, आवाज पोलिसासारखा. दोन महिन्यांनी त्यांनी आम्हाला समोर उभं केलं आणि बजावलं.

"फुप्फुस भरून आलंय, पण नवं कातडं पातळ असतं. आधी पाच आठवडे हाताने धरून चालवायचं. मग पाठीवर बसून नुसतं चालायचं. मग दुडकी, तीही पाचच मिनिटं. पियाफबियाफ सहा महिने विसरा. रोज सकाळी खाण्याआधी मिनिटभर श्वास मोजायचे. सोळाच्या आत पाहिजेत. कामानंतर दहा मिनिटांत पुन्हा सोळाच्या आत. आकडा चढला तर एक आठवडा मागे जायचं. कळलं?"

"आणि घाई केली तर?" दादाने विचारलं.

"तर लोहाराला द्या. भाता म्हणूनसुद्धा चालणार नाही, फुटका असेल."

सकाळी मी एका दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायचे, दुपारी दोनला शाळेत यायचे. त्यामुळे सकाळचे श्वास मोजायचं काम मोतद्दाराकडे. हा आमचा जुना माणूस, बाबांच्या वेळचा. चणीने इतका लहान की सगळे त्याला पावशेर म्हणायचे, आणि तोही हाकेला ओ द्यायचा. त्याने कोनाड्यात खडू ठेवला होता. रोजचा आकडा पंतोजीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायचा. चौदा, तेरा, पंधरा, चौदा.

मी दुपारी पंतोजीला हाताने धरून शाळेमागच्या गल्लीतून फिरवायचे. एका बाजूला शाळेची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करणाऱ्याचं दुकान, छत्र्या दुरुस्त करणारा, शिवणयंत्रांचा एक कारखाना. किल्लीवाला रोज टोमणा मारायचा.

"काय, नवरदेवाला फिरवून आणता का?"

"नवरदेव आजारी आहेत."

"मग नवरीने घरी बसावं, देवाचं नाव घ्यावं."

"नवरी बसली घरी तर तुमची करमणूक कोण करणार?"

तो खो खो हसायचा. पंतोजी त्याच्या उंबऱ्यावरच्या लोखंडाच्या किसाचा वास घ्यायचा आणि शिंकायचा, मान खाली घालून, मोकळेपणी. प्रत्येक शिंकेला मला बरं वाटायचं. सांगू नये, पण त्या पाच आठवड्यांइतकं सुख मला पुढे लग्नातही मिळालं नाही.

मग मी पाठीवर बसले. नुसतं चालणं, लगाम सैल. दारावरचे आकडे उतरू लागले. तेरा, तेरा, बारा. आणि मग बाराच. रोज बारा. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून कौतुकाने सांगितलं.

"बारा? छान आहे की," त्या म्हणाल्या. "मग सोमवारपासून पाच मिनिटं दुडकी."

मी दवाखान्यात काम करणारी बाई. रोज शेकडो माणसांच्या तापाचे, नाडीचे कागद माझ्या हाताखालून जायचे. जिवंत प्राण्याचा आकडा एकोणीस दिवस जागचा हलत नाही हे मला कळायला हवं होतं. पण चांगली बातमी कोणी उलटून बघतं का?

सोमवारी दुपारी मी पंतोजीला आतल्या मैदानात नेलं. लांबट बंदिस्त जागा, खाली वाळू आणि भुसा, एका टोकाला भिंतभर आरसा, स्वाराला स्वतःची बैठक दिसावी म्हणून. मी दुडकी मागितली. त्याने दिली, जराशी ताठ, पण दिली. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत आरशाच्या कोपऱ्याशी आलो आणि माझ्या मांडीखाली त्याची पाठ एकदम वर आली. मागचे पाय पोटाखाली घेतले, मान कमानीसारखी झाली, आणि तो जागच्या जागी नाचू लागला.

पियाफ. मी मागितला नव्हता. माझे पाय लोंबत होते, लगाम सैल होता.

घोडा स्वतःच्या मनाने एखाद्या कोपऱ्यात एखादी गोष्ट करत नाही. त्याच कोपऱ्यात, त्याच भिंतीशी ती गोष्ट त्याच्याकडून रोज करून घेतली की मगच तो आधीच तयार होतो. 'इथे हे करायचं असतं ना?' म्हणून. आजाराआधी मी पियाफ नेहमी मैदानाच्या मधोमध घ्यायचे. आरशासमोर घ्यायची सवय घरात एकाच माणसाला होती, कारण त्याला स्वतःला बघायला आवडायचं.

मी उतरले. हात बरगड्यांवर ठेवला आणि घड्याळ लावलं. चव्वेचाळीस. दहा मिनिटांनी चौतीस. वीस मिनिटांनी एकोणतीस. त्याच्या नाकपुड्या आतून लाल झाल्या होत्या आणि तो कान मागे करून माझ्याकडे बघत होता. बरोबर केलं ना?

मी पावशेरला खोगीरखोलीत गाठलं. तो तंगाला, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याला, तेल लावत बसला होता. मला बघून उठला नाही, हीच अर्धी कबुली.

"पावशेरकाका, आज सकाळी श्वास किती होते?"

"दारावर लिहिलेत, ताई."

"दारावर काय लिहिलंय ते मी वाचलं. किती होते ते विचारतेय."

त्याने फडकं तेलाच्या वाटीत बुडवलं. "दादासाहेब पहाटे साडेपाचला येतात. अर्धा तास पाठीवर बसतात. म्हणाले, मोजायची गरज नाही, बारा लिहीत जा."

"किती दिवस?"

"तीन आठवडे होत आले."

"आणि तुम्ही लिहिलंत."

"माझं खाणंपिणं, राहणं याच आवारात आहे, ताई. तुमचं तसं नाही. तुम्ही चिडून घरी जाल. मी चिडून कुठे जाऊ?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येईना, म्हणून तेलाची वाटी लाथेने उडवली. ते तेल त्यालाच पुसावं लागलं. त्याची लाज मला अजून आहे.

बाबा तेव्हा मैदानावरच्या सज्जातल्या खुर्चीत बसलेले असत. अर्धं अंग लुळं, जीभ थोडी जड, पण डोळा तसाच. दादा त्यांच्याजवळ कागद चाळत होता. मी तिथेच जाऊन उभी राहिले.

"दादा, तू पहाटे पंतोजीवर बसतोस?"

"हळू बोल. बाबांना त्रास होतो."

"बसतोस का?"

"बसतो. मग? शनिवारी निवड समिती येतेय, देशाच्या संघासाठी घोडे बघायला. पाच वर्षांत एकदा येतात. तुझ्या त्या बाईच्या वेळापत्रकाने गेलो तर वरातीमागून घोडं."

"वरात गेली तर जाऊ दे. घोडा जाईल."

"काही जात नाही. रोज करतोय की तो. उभा राहिलाय कधी? नाही म्हणालाय?"

"तो नाही म्हणत नाही! इशारा बरोबर असला की तो मरेपर्यंत करेल. हे तुला माहीत आहे आणि त्याचाच फायदा घेतोयस."

"इशारा बरोबर असतो, एवढं तरी कबूल केलंस," दादा म्हणाला आणि हसला.

पन्नास वर्षं झाली, ते हसू मला आठवतं आणि कानशिलं तापतात.

मी बाबांकडे वळले. "बाबा, आजारी घोडा निरोगी घोड्याच्या दुप्पट वेळ मागतो, असं कोणी शिकवलं आम्हाला?"

बाबा खाली रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले. मग जड जिभेने म्हणाले, "शनिवार एकदाच. मग विश्रांती."

मला कळलं की त्यांना आधीपासून माहीत होतं. सज्जाची खिडकी मैदानावरच उघडते. पहाटे तेही तिथे बसत असणार, आपला मुलगा आरशात बघत पियाफ घेतोय ते बघत.

"घोड्याचे कागद माझ्या नावावर आहेत," दादा म्हणाला. "तू बसलीस तर बरं. तुझ्याखाली तो छान चालतो. नाहीतर मी बसतो, टाचेला काटे लावलेले बूट घालून. बघ तुझं तू."

चार दिवस मी डॉक्टरीणबाईंना शोधत होते. त्या दूरच्या एका पागेवर साथ आली म्हणून गेलेल्या. आणि पहाटे? पहाटे मी जाऊन पंतोजीच्या दारात उभी राहिले, हातात खराऱ्याचा ब्रश घेऊन, चारही दिवस. दादा आला, मला बघून परत गेला. एवढंच माझ्या हातात होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला सांगितलं, "मी बसते."

"आली ना गाडी रुळावर," तो म्हणाला.

शनिवारी समितीची तीन माणसं आली. अध्यक्ष जुने घोडदळातले, ताठ, पांढऱ्या मिशा, खिशात साखळीचं घड्याळ. ते बाबांशी बोलत असताना दादाने मागच्या अंगणात पंतोजीला 'जरा मोकळा' केला. जरा म्हणजे अर्धा तास. मी कपडे बदलत होते. बाहेर आले तर घोड्याचं अंग पुसून कोरडं केलेलं, आयाळीत वेण्या. वेण्या! नाकपुड्या मात्र पुसून कोरड्या होत नाहीत.

"घोडामैदान जवळच आहे," दादा माझ्या कानाशी म्हणाला. "दाखवून दे."

मी चढले. आत गेले ती चालत, लगाम पार सैल सोडून. नियमाप्रमाणे मैदानाच्या मधोमध थांबले, मान झुकवून नमस्कार केला. आता सगळे दुडकीची वाट बघत होते. मी रिकिबीतून पाय काढले, खाली उतरले, तंग सोडला आणि खोगीर काढून वाळूवर ठेवलं.

"हे काय चाललंय?" सज्जातून दादा ओरडला.

"साहेब," मी अध्यक्षांना म्हटलं, "तुमच्याकडे घड्याळ आहे. या घोड्याचे श्वास मोजा."

"बाई, आम्ही इथे चाल बघायला आलो आहोत."

"त्याच्यासाठीच म्हणतेय. वसंतात याच्या छातीतून बादलीभर पाणी काढलंय. आजपर्यंत याने नुसतं चालायला हवं होतं. तीन आठवडे याच्याकडून चोरून पियाफ घेतलाय. मोजा."

ते खाली आले, वाळूतून, चकचकीत बुटांनी. पंतोजीच्या बरगडीवर पंजा ठेवला, घड्याळ काढलं. दादाचं 'तिचं डोकं फिरलंय, साहेब' एकदा ऐकू आलं आणि अध्यक्षांनी घड्याळावरची नजर न काढता दुसरा हात वर केला.

"अडतीस," ते म्हणाले. मग कान बरगडीला लावून बराच वेळ ऐकत राहिले. सरळ झाले तेव्हा चेहरा उतरला होता. "याला घरी न्या."

"हे त्याचं घरच आहे, साहेब."

त्यांनी वर सज्जाकडे पाहिलं. दादाकडे आणि बाबांकडे, सावकाश. मग मला म्हणाले, "मग घर बदला."

समितीने उरलेले घोडे पाहिलेच नाहीत. त्यांची गाडी फाटकातून गेली आणि दादा खाली आला. इतका लाल झालेला माणूस मी नंतर फक्त दवाखान्यातच पाहिला.

"तीस वर्षं बाबांनी कमावलेलं नाव तू एका मिनिटात मातीत घातलंस!"

"चोवीस वर्षं. आणि मिनिटात नाही, तीन आठवड्यांत. तू."

"घेऊन जा! घेऊन जा तो फुटका भाता, आणि तोंड दाखवू नकोस."

"लिहून दे."

"काय?"

"घेऊन जा म्हणालास ना? लिहून दे."

त्याच्या हातात समितीचं कोरं गुणपत्रक होतं. त्याच्याच पाठीवर रागारागाने त्याने तीन ओळी खरडल्या आणि सही ठोकली. दादाने रागात केलेली ही एकच गोष्ट माझ्या उपयोगी पडली. सज्जात बाबा बसलेले होते. मी वर पाहिलं. त्यांनी चांगला हात जरासा उचलला. थांब म्हणत होते की जा म्हणत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी वेण्या तिथेच सोडल्या, एकेक, आणि पंतोजीला हाताने धरून गल्लीतून बाहेर काढलं. किल्लीवाला दुकानाबाहेर आला आणि गल्लीच्या टोकापर्यंत सोबत चालला.

पंतोजीला डॉक्टरीणबाईंनी आपल्या पागेत जागा दिली. आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, हाताने धरून. पाच आठवड्यांचे अकरा आठवडे झाले. त्याचा श्वास पुढे कायम थोडा शिटी मारायचा, थंडीत जास्तच. स्पर्धेत तो पुन्हा कधी उतरला नाही. दोन वर्षांनी एका सकाळी मी त्याला मोकळ्या मैदानाच्या मधोमध हळूच विचारलं आणि त्याने सहा पावलं पियाफ दिला. मोजले, दहा मिनिटांत पंधरा. मी पुन्हा कधी विचारलं नाही. मग त्याने मुलांना मांड घालायला शिकवलं. चुकलं की उभा, कान मागे. सव्विसाव्या वर्षी गेला, गवतावर, आडवा होऊन, मान खाली.

डॉक्टरीणबाई ऐंशीच्या पुढे जगल्या आणि शेवटपर्यंत फोनवर ओरडत राहिल्या. पावशेरला मी पुढच्याच वर्षी आमच्याकडे आणलं. त्याने तिथेही खडू ठेवला आणि त्यानंतर बारा हा आकडा खरोखर बारा असला तरी लिहायचा नाही, अकरा-तेरा असं काहीतरी लिहायचा. मी समजावलं, ऐकला नाही. नवं वर्ष सुरू झालं की अध्यक्षांचं पत्र यायचं, त्यात एकच प्रश्न, श्वास किती.

बाबा त्या शनिवारनंतर दोन वर्षांनी गेले. मी निघाले होते, पण वेळेवर पोचले नाही. वहिनी म्हणते, ते शेवटी सज्जाची खिडकी बंद करून घ्यायचे. ती मला बरं वाटावं म्हणून सांगते की खरं आहे, कोण जाणे. वहिनीशी माझं चांगलं आहे.

दादाशी मी एकोणीस वर्षं बोलले नाही. मग त्याच्या मुलीच्या लग्नात बोलले, जेवलास का एवढंच. आता सणासमारंभाला भेटतो. त्याने माफी मागितलेली नाही आणि मागितली तर काय करायचं हे मला माहीत नाही, म्हणून तेही बरंच आहे. गेल्या महिन्यातल्या समारंभानंतर तो काठी टेकत माझ्याजवळ आला. "भाषण कसं झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "ट्रकवाला मेला असेल ना रे आता? त्याला तरी सोड." तो हसला. त्याला वाटलं विनोद आहे.

आणि मी. माझ्या घराजवळ एक पागा आहे. स्पर्धेचे दिवस आले की ट्रक भरतात, तेव्हा मी काठी घेऊन जाते आणि प्रत्येक घोड्याची दोरी हाताने मोजते. मान गुडघ्यापर्यंत खाली गेली पाहिजे, नाही गेली तर मी स्वतः गाठ सोडते, मालक कितीही मोठा असो. तिथली पोरं मला मागून दोरीवाली आजी म्हणतात. गेल्या आठवड्यात एका बाईने तोंड वाकडं केलं. म्हणाली, "आजी, वेण्या सुटतील हो."

मी म्हटलं, "सुटू देत."